माझ्या चहूबाजूंची वाट

मी एक जुना ओटा आहे. ओट्याला चार लाकडी पाय असतात हे ऐकून तुम्हाला हसू येत असेल, तर मित्रांनो, आधी मनसोक्त हसून घ्या, मग पुढचं सांगतो. भिंतीला पाठ टेकून जन्मभर एका जागी उभे राहणारे ओटे वेगळे. मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा असतो. माझ्या एका अंगाला शेगडी, बेसिन आणि ओव्हन, दुसऱ्या अंगाला कपाटं आणि फ्रिज. माणसं माझ्या चहूबाजूंनी येतात-जातात. कुणी माझ्यावर भाजी चिरतं, कुणी पीठ मळतं, कुणी नुसतंच कोपर टेकून गप्पा मारतं. घरातली कुठलीही बातमी मला कळल्याशिवाय पुढे सरकत नाही. आता याला कुणी मिरवणं म्हणत असेल तर म्हणो.

पण मी जन्मानं ओटा नाही. जन्मानं मी टेबल. एका सुतारानं मला एका शिंप्यासाठी केलं. त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तेव्हा नुकतंच दुकान थाटलं होतं, आणि बेतायला टेबल हवं तर असंच हवं, असा त्यांचा हट्ट होता. कापडाचा सगळा पन्हा उलगडून पसरता आला पाहिजे, काठ कुठून लोंबता कामा नये. सुतारानं तीन रुंद फळ्या शेजारी शेजारी जोडल्या आणि त्या इतक्या घोटल्या की रेशमाचा धागासुद्धा अडकू नये. उंची मास्तरांच्या कमरेच्या बेतानं ठेवली, म्हणजे दिवसभर वाकून पाठ धरणार नाही. त्यामुळे मी चारचौघा टेबलांपेक्षा उंच झालो, आणि रुंदीचं तर विचारूच नका. मला दुकानात घेताना दाराची चौकट काढावी लागली होती. ही गोष्ट मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला इतकी रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, दुकान माझ्याभोवतीच बांधलंय.

माझी उमेदीची वर्षं फार सुखात गेली. कोट, पाटलोणी, शाळेचे गणवेश, लग्नाचे पोशाख, सगळं माझ्या अंगावर बेतलं गेलं. खडूची रेघ अंगावर उमटायची आणि कात्री कर्र आवाज करत तिच्यामागून चालायची. मास्तरांची बायको पलीकडच्या कडेला बसून काज-बटणं करायची. त्यांची मुलगी माझ्या पायांशी, चिंध्यांच्या ढिगात खेळायची. तिनं लहानपणी एकदा शर्टाची गुंडी गिळली होती, तेव्हापासून तिचं नावच गुंडी पडलं. माझ्या चार पायांमधली जागा हे तिचं पहिलं घर, असं ती अजूनही म्हणते.

मास्तरांची एक पद्धत तुम्हाला सांगायलाच हवी. माप घेताना ते माणसाला भिंतीशी ताठ उभं करायचे, ते सगळेच शिंपी करतात. पण कोट कच्च्या टाक्यांनी जोडला की ते गिऱ्हाइकाला बोलावून ट्रायल घ्यायचे, आणि ती ट्रायल बघण्यासारखी असायची. हात वर करा. खुर्चीवर बसा. समजा, खूप दिवसांनी भाऊ भेटलाय, तर त्याला कशी मिठी माराल, तशी मारा. मग ते रीळ जमिनीवर टाकायचे आणि म्हणायचे, जरा एवढं उचलून द्या. गिऱ्हाईक वाकलं की मास्तर त्याच्या पाठीकडे असे बघायचे, जसा डॉक्टर रोग्याकडे बघतो. कुठे कापड ताणलं की तिथे लगेच खडूची खूण. मोठमोठी माणसं माझ्यासमोर रिळं उचलून गेली आहेत.

दिवस काही सारखे राहत नाहीत. तयार कपड्यांची दुकानं आली. कोट शिवून घेणारे कमी झाले, मग चेन बदलून द्या नि बाही आखूड करून द्या म्हणणारे तेवढे उरले. गुंडी लग्न होऊन गेली. पुढे मास्तरांची बायको वारली, आणि पलीकडची कड रिकामी झाली. मास्तर दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच राहू लागले. माझ्यावर कापडाऐवजी जुनी वर्तमानपत्रं, छत्री, औषधाच्या बाटल्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ येऊन बसलं. मित्रांनो, कामाच्या वस्तूला वस्तू ठेवायची जागा केलं की तिला फार वाईट वाटतं. मी त्या दिवसांत पार कोमेजून गेलो होतो.

आणि मग एका सकाळी गुंडी आली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं नवं घर घेतलं होतं. नवरा बस चालवायचा, बोलायला मोकळा, हसायला त्याहून मोकळा. गुंडीला वडील आपल्याकडे राहायला हवे होते. मास्तर मात्र काही ना काही निमित्त काढून विषय टाळायचे. त्या दिवशी गुंडी माझ्यावरची वर्तमानपत्रं बाजूला सारत म्हणाली की नव्या स्वयंपाकघरात तिला मधला ओटा हवाच आहे, आणि हे टेबल तिथे ठेवलं तर याच्यासारखा ओटा शोधून सापडायचा नाही. मास्तरांचे डोळे एकदम चमकले. ते म्हणाले, येतो, पण एका अटीवर. टेबलाला करवत लावायची नाही. गुंडीनं तिथल्या तिथे कबूल केलं, माझ्यावर हात ठेवून.

स्वयंपाकघराचं माप घ्यायला मास्तर स्वतः गेले. मी तिथे नव्हतो, पण ही हकीकत मी पुढे इतक्यांदा ऐकली की मी तिथे होतो असंच समजा. मास्तर गळ्यात टेप अडकवून गेले आणि आयुष्यभर केलं तेच त्यांनी तिथेही केलं. गुंडीला भिंतीशी ताठ उभं केलं, जावयाला उभं केलं, दोघांची खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंदी घेतली, पोटापासून पाठीपर्यंत जाडी घेतली, त्यावर दोन बोटं सैल धरलं, आणि म्हणाले, झालं, माणूस सहज जातो. जावई म्हणाला की त्याची बस याहून अरुंद गल्लीतून जाते. मग तर प्रश्नच मिटला. माझी रुंदी स्वयंपाकघरात अशी चपखल बसली, जणू मला त्या खोलीच्या अंगावरच बेतलं होतं.

मला आत घेताना इथेही चौकट काढावी लागली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. गुंडीनं मला तेल लावून चकचकीत केलं. शेजारीपाजारी बघून गेले. केवढा ओटा, काय लाकूड आहे, असं चाललं होतं. मास्तर माझ्या शेजारी उभे राहून चौकटीची गोष्ट सांगत होते. आता तर त्यांच्याकडे दोन चौकटींची गोष्ट होती.

कौतुक आठवडाभर टिकलं असेल. नंतर एकेक गंमत कळू लागली. ओव्हनचं दार खाली उघडायचं आणि उघडलं की थेट माझ्या पोटाला येऊन लागायचं. मग त्यातला ट्रे काढायचा तर कुठे उभं राहायचं? गुंडी एका कडेला अंग चोरून, एक पाय हवेत धरून तो ट्रे ओढायची. चमच्यांचा खण उघडला की रस्ता बंद. फ्रिजचं दार उघडलं की दुसरा रस्ता बंद. एक जण शेगडीपाशी असला की त्याच्या मागून दुसऱ्यानं जायचं म्हणजे दोघांनीही पोट आत ओढायचं. माणूस भिंतीशी ताठ उभा असतो तेव्हा जेवढा असतो, तेवढाच तो स्वयंपाक करताना नसतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वयंपाक करणारा माणूस वाकतो, वळतो, कोपरं पसरतो, हातात कढत पातेलं धरतो.

जावई पडला ड्रायव्हर. त्यानं यावर आपल्या परीनं तोडगा काढला. त्यानं माझ्याभोवती एकेरी वाहतूक सुरू केली. ओटा नेहमी उजव्या हाताला ठेवायचा, उलटं कुणी यायचं नाही. भिंतीवर बाणाचा कागदही चिकटवला. झालं, मीठ विसरलं की माझी पूर्ण प्रदक्षिणा. चमचा विसरला की आणखी एक. जावई प्रत्येक कोपऱ्यावर तोंडानं पों पों करायचा आणि गुंडी हसून हसून बेजार व्हायची. एकदा त्यानं मास्तरांना वळणावर थांबवून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की पुढे काम चालू आहे, कांदा चिरला जातोय. मास्तरही खो खो हसले. मी तर समजत होतो की घर म्हणजे हेच.

मग जावयाची आई चार दिवस राहायला आली. बाई धिप्पाड आणि तोंडानं सडेतोड. बाणाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्याच दिवशी ती सूपची वाटी घेऊन उलट्या दिशेनं निघाली, आणि समोरून मास्तर आपली वाटी घेऊन नियमाप्रमाणे आले. कपाट आणि मी यांच्या मधल्या बोळात व्याही-विहीण समोरासमोर. आता विहीणबाईंना मागे सरा कसं म्हणायचं? आणि विहीणबाईंनी तरी व्याह्यांना कसं म्हणायचं? आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं करत दोघं इतका वेळ उभे राहिले की सूप निवलं. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "मास्तर, ओटा छान आहे हो. पण याच्याभोवती फिरायचं तर माणसानं आधी जेवण सोडायला हवं." सगळे हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिरा.

खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली. विहीणबाई परत गेल्या होत्या. गुंडी शेगडीपाशी होती. मास्तरांना तहान लागली होती म्हणून ते पेला घ्यायला तिच्या मागून निघाले, नियमाप्रमाणे, ओटा उजव्या हाताला ठेवून. त्याच क्षणी गुंडी कढत पातेलं घेऊन माझ्याकडे वळली. पातेलं मास्तरांच्या हातावर आपटलं, थोडं सूप त्यांच्या मनगटावर सांडलं आणि बाकीचं फरशीवर. भाजलं फारसं नाही, गार पाण्यानं निभावलं. पण गुंडी अशी घाबरली की तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, असे मध्येमध्ये का येता तुम्ही?"

मास्तर म्हणाले, काही नाही गं, पाणी घ्यायला आलो होतो. त्यांनी फरशी पुसायला फडकंसुद्धा घेतलं. पण मी त्यांना तिच्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. त्यांचा चेहरा पडला होता.

तेव्हापासून मास्तरांनी स्वयंपाकघरात येणं सोडलं. सकाळी घरात सामसूम असतानाच ते बाटली भरून आपल्या खोलीत घेऊन जायचे. संध्याकाळी गुंडीनं हाक मारली की मला अजून भूक नाही, तुम्ही आटपा, मी नंतर येतो, असं आतूनच सांगायचे. सगळ्यांचं झाल्यावर येऊन एकटेच माझ्या टोकाशी उभ्यानं जेवायचे आणि ताट विसळून ठेवायचे. जावयाचं पों पों बंद झालं. विनोद करायला समोर माणूस लागतो. मित्रांनो, एकाच घरात राहून माणसं एकमेकांना चुकवायला लागली, तेही मी मध्ये उभा होतो म्हणून. मला माझ्या रुंदीचा तेव्हा पहिल्यांदा कंटाळा आला.

एका दुपारी गुंडी आणि जावई कामावर गेले असताना मास्तर आत आले. त्यांनी माझ्यावर तळवा फिरवला, जसा ते कापडाची चुणी काढायला फिरवायचे. म्हणाले, "आपण दोघांनी इथं यायला नको होतं. त्यांचा संसार त्यांच्या मापाचा आहे. तू राहा इथंच, तुझं काम पडतं तिला. मी परत जातो." मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. त्याच संध्याकाळी त्यांनी जावयाला बाजूला घेऊन विचारलं की दुकानामागची खोली अजून रिकामी आहे का, जरा बघून याल का. जावई बरं म्हणाला, आणि सरळ येऊन ते गुंडीला सांगून मोकळा झाला.

गुंडी बराच वेळ माझ्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. वडील का जायला निघालेत ते तिला कळत होतं. त्यांना वाटत होतं की घरात आपण जास्तीचे आहोत. तिला वाटत होतं की जास्तीची आहे ती माझी एक फळी. पण टेबलाला करवत लावायची नाही असं तिनं कबूल केलेलं. आता तिनं शब्द मोडला असता तर मास्तर त्याच दिवशी पेटी घेऊन निघाले असते, आणि शब्द पाळला असता तर आठवड्यानं निघाले असते. जावई तिला म्हणाला की तू त्यांची माफी माग. ती म्हणाली की माफी मागून काही रस्ता रुंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिनं मास्तरांना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं आणि विचारलं, "बाबा, तुम्ही ट्रायल घेतल्याशिवाय कधी कुणाला कोट दिलात?"

मास्तर म्हणाले, "कधीच नाही. का?"

"मग या स्वयंपाकघराची ट्रायल कधी घेतलीत? आम्हाला भिंतीशी ताठ उभं केलंत, मापं घेतलीत आणि एकदम पक्की शिलाईच मारून टाकलीत."

मास्तरांनी ओव्हनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बाणाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला आता वाचता आला. बाही चुकीची लागलीय हे कळल्यावर व्हायचा तसाच झाला होता. मग ते म्हणाले, "माझ्या पेटीत खडू आहे बघ."

आधी त्यांनी माझ्याभोवती फरशीवर खडूनं रेघ ओढली, माझ्या काठाकाठानं, चारी बाजूंनी. मग जावयानं शेजाऱ्याला मदतीला घेऊन पुन्हा एकदा चौकट काढली, मला उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं मी म्हणालो तर ते तेव्हा अगदी खरं होतं. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. जिथे मी होतो तिथे आता माझी नुसती पांढरी आकृती उरली होती.

विहीणबाईंनाही बोलावणं गेलं. मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं की रेघेकडे कुणी बघायचं नाही. तुम्हाला जसं सुचेल तसं चाला, वळा, वाका, आणि चार माणसांचं जेवण करा. ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. मास्तर गळ्यात टेप टाकून मधोमध उभे होते आणि दुकानातल्यासारखे हुकूम सोडत होते. गुंडे, ओव्हन उघड. आता ट्रे घेऊन सरळ उभी राहा. जावईबापू, तुम्ही तिच्या मागून जा, अंग चोरायचं नाही. विहीणबाई, तुम्ही खालच्या कपाटातलं मोठं भांडं काढा, अगदी आरामात वाका. मध्येच त्यांनी खिशातून रीळ काढून फरशीवर टाकलं आणि म्हणाले, जरा एवढं उचलून द्या. विहीणबाई म्हणाल्या की इतक्या वर्षांनी मास्तरांना गिऱ्हाईक मिळालं वाटतं, आणि वाकून त्यांनी ते खरंच उचललं.

बटाटे भाजले, सूप झालं, ताटं वाढली गेली. एकदा तर मास्तरच ताटांची चळत घेऊन गुंडीच्या मागून गेले. ती पातेलं घेऊन वळली तेव्हा ते पुढे पोचलेसुद्धा होते. कुणाला काही लागलं नाही, कुणी काही सांडलं नाही. ते दोघांच्याही लक्षात आलं असावं, कारण दोघंही क्षणभर जिथल्या तिथे थांबले. त्या दिवशी मास्तर सगळ्यांबरोबर जेवले. जेवण बाहेरच्या खोलीत, माझ्यावरच मांडलं होतं.

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी तळपाय पाहिले. सगळ्यांचे पांढरे. आणि फरशीवरची माझी आकृती दोन बाजूंनी पार पुसली गेली होती. शेगडीच्या बाजूला जास्त, कपाटांच्या बाजूला थोडी कमी. आखूड टोकांच्या रेघा मात्र जशाच्या तशा होत्या. लांबीत मी कुणाच्याच वाटेत नव्हतो. अडचण होती ती माझ्या पोटाची.

मास्तर गुडघ्यांवर बसले. पाय कुठवर पोचलेत ते बघत त्यांनी पुसलेल्या जागेच्या आत नवी रेघ ओढली. शेगडीच्या बाजूला चार फुटांच्या आसपास जागा सुटली, म्हणजे ओव्हन उघडा असला तरी मागून माणूस जाईल. कपाटांच्या बाजूला तीन फुटांहून थोडी जास्त, कारण तिथे कुणी फार वेळ उभं राहत नाही. जावई म्हणाला की घेतोच आहोत तर आणखी मोठा रस्ता घेऊ, दोन बस जातील एवढा. मास्तरांनी त्याला रिकामं पातेलं धरायला लावलं आणि शेगडीपासून त्याला हव्या असलेल्या लांबच्या जागेपर्यंत नेऊन दाखवायला सांगितलं. त्याला दर खेपेला दोन-तीन पावलं टाकावी लागली. मास्तर म्हणाले की ढगळ कोटही वाईटच दिसतो. वळून एक पाऊल टाकलं की पातेलं ओट्यावर यायला हवं, तेवढंच सैल पुरे.

मग ते उठले आणि बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. नव्या रेघेत मी मावणार नव्हतो, हे सगळ्यांनाच दिसत होतं. गुंडी घाईघाईनं म्हणाली, "राहू दे बाबा. मी शब्द दिलाय तुम्हाला. ओव्हन दुसरीकडे हलवू, काहीतरी करू."

मास्तरांनी मान हलवली. "कपडा घट्ट झाला तर आपण कपडा उसवतो, गुंडे. माणसाला कापून त्यात बसवत नाही." आणि मग माझ्या काठावरून बोट फिरवत ते म्हणाले, "मी इतके दिवस तेच करत होतो. मीच कमी झालो तर सगळं बसेल, असं मला वाटत होतं."

गुंडीनं त्यांना तिथेच मिठी मारली आणि ती रडली. जावयानं तोंडानं हळूच एकदा पों केलं.

सुतार आला तेव्हा मला भीती वाटली, ती का वाटू नये? पण त्यानं मला उलटसुलट बघितलं आणि सांगितलं की कडेच्या फळ्या पायांत घट्ट बसल्या आहेत, मधली काढली तर सोपं पडेल. मास्तर म्हणाले, काढा. त्यांनी माझं दुसरं टोक स्वतः धरलं होतं. मधली फळी निघाली, खालच्या आडव्या पट्ट्या आखूड झाल्या आणि माझ्या दोन्ही कडा एकमेकींना येऊन भिडल्या. मास्तर जिथे उभे राहून बेतायचे ती कड, आणि त्यांची बायको जिथे बसून काज-बटणं करायची ती. त्या दोघींची इतकी जवळून भेट आधी कधी झाली नव्हती. फळीचं काय झालं म्हणाल, तर ती मास्तरांच्या खिडकीखाली बसवली आहे आणि तिच्यावर कुंड्या आहेत. तिचं बरं चाललंय.

मला पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं तेव्हा चौकट काढावी लागली नाही. मी दारातून सरळ आत गेलो. मास्तरांच्या गोष्टीचं थोडं नुकसान झालं, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. भिंतीवरचा बाण जावयानं स्वतःच काढून टाकला. दुकानामागची ती खोली आता बघून येऊ का, असं त्यानं मास्तरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, कुठली खोली, आणि कांदा चिरायला बसले.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा ओटा, टेबल किंवा कपाट आणणार असेल, तर त्यांना माझी एवढी विनंती पोचवा. जागा मोजताना माणसांना ताठ उभं करू नका. त्यांना वाकू द्या, वळू द्या, दारं आणि खण सताड उघडू द्या, हातात पातेलं द्या आणि मागून दुसऱ्याला जाऊ द्या. फरशीवर खडूची रेघ ओढा आणि एक दिवस तिच्याभोवती राहून बघा. आणि घरातलं कुणी अंग चोरून वावरायला लागलं, सगळ्यांच्या मागून जेवायला लागलं, तर त्याला काय होतंय हे विचारायच्या आधी, त्याच्या वाटेत आपण काय ठेवलंय ते एकदा बघा. आम्हा वस्तूंचं काय, आम्ही एक फळी कमी करूनही मजेत जगतो.

आता माझ्याभोवती इतकी ऐसपैस वाट आहे की कुणाचा कुणाला धक्का लागायचं कारणच नाही. तरी परवा गुंडी शेगडीपाशी उभी होती, मास्तर ताटं घेऊन तिच्या मागून निघाले होते, आणि जाता जाता त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून तिला कोपरानं हळूच ढोसलं.

गुंडी म्हणाली, "बाबा, एवढी जागा आहे की."

मास्तर म्हणाले, "आहे ना. म्हणून तर."